मायकेल फॅरडे: लोहाराचा मुलगा आणि विजेचे भोंवरे

पावसाळ्यांत नदीला पूर आला म्हणजे पुलाच्या खांबामागें पाणी गरगर फिरत असतें, हें आपण पुष्कळ वेळां पाहिलें असेल. तें पाणी पुढें जात नाहीं, कोणाच्या शेताला मिळत नाहीं. तेथल्या तेथें फिरून नदीचा जोर मात्र खाऊन टाकतें. धातूंच्या अंगांतही असेच विजेचे भोंवरे उठतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु धातूला हात लावला तर त्यांची ऊब लागते. हे भोंवरे कां उठतात ह्याचें कारण ज्या मनुष्यानें जगास प्रथम समजावून दिलें, तो एका गरीब लोहाराचा मुलगा होता. शाळेंत तो लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब ह्यांपलीकडे कांहीं शिकला नव्हता. त्या मायकेल फॅरडे ह्यांचें चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढें ठेवितों.

मायकेलचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजीं लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें झाला. बाप जेम्स हा उत्तर इंग्लंडांतून पोट भरावयास आलेला लोहार. तो मेहनती होता, पण प्रकृतीनें अगदीं दुबळा. ऐरणीवर उभें राहवत नसे असे दिवस त्याला वरचेवर येत. आई मार्गारेट हीच घराचा आधार होती. 1801 सालीं धान्य फार महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास एक पाव येई, आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागे. हें घराणें सँडेमॅनियन नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. ह्या मंडळींत पगारी पाळक नसत. सभासदांतूनच वडील निवडले जात, आणि धन सांठवून ठेवणें हें तेथें भूषण मानीत नसत.

तेरा वर्षांचा असतांना मायकेल जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे वर्तमानपत्रें पोंचविण्याच्या कामास लागला. मालकानें त्याचा प्रामाणिकपणा पाहून पुढच्या वर्षीं त्याला पुस्तकें बांधण्याचें काम शिकावयास ठेवून घेतलें, व त्याबद्दल फी घेतली नाहीं. सात वर्षें तो तेथें राहिला. दिवसा पुस्तकांस दोरा व पुठ्ठा घालावा आणि रात्रीं तींच पुस्तकें वाचावीं, असा त्याचा क्रम होता. एका ज्ञानकोशांत विजेविषयींचा लेख त्याच्या हातीं आला. जेन मार्सेट नांवाच्या बाईंचें रसायनशास्त्रावरचें सोपें पुस्तकही त्यानें वाचलें. परंतु पुस्तकांत लिहिलें आहे म्हणून तें खरें, असें त्यानें मानलें नाहीं. पदरच्या चार पैशांनीं बाटल्या व तारा विकत घेऊन तो एकेक गोष्ट करून पाहूं लागला.

त्या वेळीं शहरांत टॅटम नांवाचे गृहस्थ संध्याकाळीं शास्त्रावर व्याख्यानें देत असत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे, आणि मायकेलपाशीं शिलिंग नसे. त्याचा वडील भाऊ रॉबर्ट हा बापाप्रमाणेंच लोहारकाम करी. घणाचे घाव घालून मिळविलेल्या मजुरींतून रॉबर्टनें ते शिलिंग दिले. आमच्या वाचकांनीं ह्या रॉबर्टची आठवण ठेवावी. विजेच्या युगाच्या पायांत त्या लोहाराच्या शिलिंगांचे दगड आहेत, परंतु त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं.

1812 सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेंत सर हंफ्री डेव्ही ह्यांचीं चार व्याख्यानें ऐकण्याचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें प्रत्येक शब्द टिपून घेतला, आकृत्या काढल्या, त्यांची सुबक वही आपल्या हातांनीं बांधली आणि ती डेव्ही साहेबांकडे पाठवून काम मागितलें. कांहीं महिन्यांनीं प्रयोगशाळेंतील एक नोकर मारामारी केल्यामुळें कामावरून गेला, आणि 1 मार्च 1813 रोजीं ती जागा फॅरडे ह्यांस मिळाली. बाटल्या धुणें व उपकरणें उचलून ठेवणें ह्यांपासून आरंभ झाला. त्याच वर्षीं ते डेव्ही ह्यांच्याबरोबर युरोपच्या प्रवासास गेले. तेथें त्यांस मदतनिसाबरोबर चाकराचेंही काम करावें लागलें, आणि डेव्ही ह्यांच्या पत्नीनें त्यांस चाकराप्रमाणेंच वागविलें. त्यांनीं तें सोसलें, आणि त्या प्रवासांत मोठमोठ्या विद्वानांपासून जें शिकतां आलें तें शिकून घेतलें.

1821 हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत महत्त्वाचें ठरलें. जून महिन्यांत त्यांचा विवाह सारा बर्नार्ड ह्यांच्याशीं झाला. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं मंडळीपुढें आपला विश्वास कबूल केला व ते तिचे सभासद झाले. सप्टेंबरांत त्यांनीं लोहचुंबकाभोंवतीं वीज वाहणारी तार अखंड फिरत ठेवून दाखविली. आजच्या सर्व विद्युत् मोटरींचें हें मूळ. परंतु यशाबरोबर दुःखही आलें. ही कल्पना दुसऱ्या एका थोर विद्वानाची असून फॅरडे ह्यांनीं ती न सांगतां घेतली, असा बोभाटा झाला. प्रामाणिकपणा हेंच ज्याचें धन, त्याच्यावर असा आळ यावा! पुढें 1824 सालीं रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून त्यांची निवड झाली, तिलाही डेव्ही ह्यांनीं विरोध केला. तथापि फॅरडे ह्यांनीं आपल्या उपकारकर्त्याची निंदा केली नाहीं. आपणांस वर आणणारा तोच, हें ते जन्मभर मानीत राहिले.

आतां त्या भोंवऱ्यांच्या कोड्याकडे वळूं. 1824 च्या सुमारास पॅरिस येथील आरागो ह्या विद्वानाच्या लक्षांत एक विलक्षण गोष्ट आली. होकायंत्राची सुई हलवून सोडली म्हणजे ती बराच वेळ झोके घेते. पण तिच्याखालीं तांब्याचा पत्रा असला तर ती लवकर स्थिर होते. मग त्यांनीं तांब्याचें चाक सुईखालीं जोरानें फिरविलें, तों सुई चाकाबरोबर ओढली जाऊं लागली. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाहीं, हें पोरासही ठाऊक आहे. मग तांब्यानें सुईला ओढावें कसें? कोणी म्हणाले, फिरतांना तांब्यांत लोहचुंबकाचा गुण येत असावा. इंग्लंडांत बॅबेज व हर्शेल ह्या दोघांनीं 1825 सालीं तोच प्रयोग पुनः केला आणि चाकास कडेपासून मध्याकडे चिरा पाडून पाहिलें. ओढ फार कमी झाली. चिरांत धातू ओतून त्या बुजविल्या, तों ओढ बहुतेक परत आली. उत्तर त्यांच्या हातांत आलें होतें, पण त्याचा अर्थ त्यांस लागला नाहीं. अशीं सात वर्षें गेलीं.

फॅरडे ह्यांस त्या वेळीं व्यापाऱ्यांसाठीं रासायनिक तपासण्या करून चांगला पैसा मिळूं लागला होता. तो मार्ग धरला असता तर ते श्रीमंत झाले असते. परंतु विजेपासून लोहचुंबकत्व उत्पन्न होतें, तर लोहचुंबकापासून वीज कां उत्पन्न होऊं नये, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. त्यांनीं तें बाहेरचें काम पुढें बहुतेक सोडून दिलें. 29 ऑगस्ट 1831 रोजीं त्यांनीं लोखंडाच्या एका कड्याच्या दोन बाजूंस तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एका वेटोळ्यांत वीज सोडतांच दुसऱ्याजवळची सुई क्षणभर हलली, आणि वीज बंद करतांच पुनः उलट हलली. वीज नुसती वाहत असतांना मात्र सुई निश्चल. तेव्हां गुप्त गोष्ट उघड झाली: लोहचुंबकाच्या जोरांत बदल झाला पाहिजे, किंवा धातू व लोहचुंबक ह्यांपैकीं एकानें हललें पाहिजे, तेव्हांच वीज उत्पन्न होते. 17 ऑक्टोबरला त्यांनीं पोकळ वेटोळ्यांत लोहचुंबकाची कांब नुसती आंतबाहेर करून वीज काढली.

मग 28 ऑक्टोबरला ते रॉयल सोसायटीच्या प्रचंड लोहचुंबकापाशीं गेले आणि त्याच्या दोन ध्रुवांच्या मधून तांब्याचें चाक फिरविलें. चाकाच्या आंसाला एक व कडेला एक अशा तारा टेकविल्या, तों चाक फिरत होतें तोंवर तारेंतून वीज सारखी वाहिली. आरागोच्या कोड्याची उकल हीच होती. तांबें लोहचुंबक बनत नव्हतें. फिरत्या तांब्यांत वीज उठत होती. तिला बाहेर जाण्यास तार नसली म्हणजे ती चाकाच्या अंगांतच वाटोळी फिरे, आणि त्या प्रवाहांचा जोर सुईला ओढून नेई. चाकास चिरा पाडल्या म्हणजे ओढ कां कमी होते, हेंही आतां स्पष्ट झालें: भोंवऱ्याची वाटच तुटली! 24 नोव्हेंबर 1831 रोजीं हें सर्व त्यांच्या निबंधांतून रॉयल सोसायटीपुढें वाचलें गेलें. त्या वेळीं ते चाळीस वर्षांचे होते.

1834 सालीं रशियांतील लेंझ ह्यांनीं ह्या प्रवाहांचा स्वभाव नियमांत बसविला. जें कारण त्यांस उत्पन्न करितें, त्याच्याच आड ते येतात. चाक फिरल्यामुळें ते उठतात, म्हणून ते चाकालाच अडवितात. फॅरडे ह्यांनीं 1845 च्या सुमारास हें फार सुंदर रीतीनें पाहिलें. पीळ दिलेल्या दोऱ्याला टांगलेला तांब्याचा तुकडा बलवान् विद्युत्-चुंबकाच्या ध्रुवांमध्यें गरगर फिरत असे. चुंबकांत वीज सोडतांच तो जणूं अदृश्य हातानें धरल्याप्रमाणें थांबे. मग फिरण्याचा जोर कोठें गेला? ह्याचें उत्तर फ्रान्समधील फूको ह्यांनीं 1855 सालीं दिलें. लोहचुंबकामधून तांब्याचें चाक बळानें फिरवीत राहिलें तर श्रम जास्त पडतात आणि चाक तापतें. श्रमाचीच उष्णता होते. ह्यावरून कित्येक लोक ह्या प्रवाहांस फूकोचे प्रवाह म्हणतात; आपल्या भाषेंत त्यांस आवर्त प्रवाह असें नांव आहे.

आतां वाचक विचारतील, ह्यांत आमचा काय संबंध? संबंध घरोघरचा आहे. 1915 सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. पुढें ती हळूहळू खेड्यापाड्यांपर्यंत पोंचली. गांवाबाहेर खांबावर असलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्यें फॅरडे ह्यांचें तेंच लोखंडी कडें व तींच दोन वेटोळीं आहेत. फक्त आकार निराळा. त्या लोखंडांतील चुंबकाची दिशा दर सेकंदास शंभर वेळां उलटते. लोखंड हेंही विजेचें वाहक. म्हणून त्याच्या अंगांत आवर्त प्रवाह उठावयाचेच. तें लोखंड भरीव ठोकळ्याचें असतें तर तें तापून वेटोळ्यांचें वेष्टन जळून गेलें असतें, आणि वीज वाटेंतच फुकट गेली असती.

ह्यावर उपाय तोच, जो बॅबेज व हर्शेल ह्यांच्या चिरांनीं नकळत दाखविला होता: भोंवऱ्याची वाट तोडणें. 1830 नंतरच्या दहा वर्षांत वेटोळ्यांच्या पोटांत भरीव सळईऐवजीं बारीक लोखंडी तारांची जुडी घालूं लागले. पुढें तारांच्या जागीं पातळ पत्रे आले. प्रत्येक पत्र्याला वार्निशाचा किंवा तसाच कांहीं वीजरोधक लेप देऊन पत्र्यावर पत्रा रचतात. शेतकऱ्याला हें चटकन समजेल. एकाच मोठ्या उघड्या रानांत सोडलेलें पाणी वाटेल तसें फिरतें. पण बांध घालून वाफे केले म्हणजे तें वाफ्याबाहेर जाऊं शकत नाहीं. लेप हा बांध, आणि पत्रा हा वाफा होय. मात्र बांध योग्य दिशेनें पडला पाहिजे. पत्रे चुंबकाच्या जोराच्या दिशेला समांतर ठेवावे लागतात; म्हणजे चुंबकाची वाट मोकळी राहते आणि विजेच्या भोंवऱ्याची वाट तुटते. आडवे ठेवले तर उपयोग होत नाहीं.

पत्रा जितका पातळ तितका लाभ अधिक, आणि तो साध्या प्रमाणापेक्षां पुष्कळ अधिक. जाडी निम्मी केली तर तितक्याच लोखंडांतील आवर्त प्रवाहांची हानि चौथा हिस्सा उरते. जाडी तिसरा हिस्सा केली तर नववा हिस्सा. म्हणून ट्रान्सफॉर्मरचे पत्रे सुमारें एक तृतीयांश मिलिमीटर इतके पातळ करितात. दुसरा उपाय लोखंडांतच अडथळा वाढविण्याचा. 1900 च्या सुमारास इंग्लंडांत हॅडफील्ड व त्यांचे सोबती ह्यांनीं लोखंडांत सिलिकॉन मिसळून पाहिला. शेंकडा तीनच्या आसपास सिलिकॉन असला तर वीज त्यांतून कष्टानें वाहते व भोंवरे दुबळे होतात. फार घातला तर पत्रा ठिसूळ होतो. रेडिओसारख्या यंत्रांत तर चुंबकाची दिशा सेकंदास लाखों वेळां उलटते. तेथें पत्रेही पुरत नाहींत, म्हणून मातीच्या भांड्याप्रमाणें भाजून केलेला फेराइट नांवाचा पदार्थ वापरतात, त्यांतून वीज फारच थोडी वाहते. आणि जाड तांब्याच्या तारेंतही हे भोंवरे उठतात, म्हणून मोठ्या यंत्रांत एका जाड तारेऐवजीं लेप दिलेल्या अनेक बारीक तारा एकत्र पिळून घालतात.

विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटर दुरुस्तीला नेली असतां, ती उघडल्यावर आंत पत्र्यांची चळत दिसेल. ती नीट पाहावी. जुनें वेटोळें काढण्यासाठीं ती चळत बेसुमार भाजली, किंवा कानशीनें घांसून पत्र्यांच्या कडा एकमेकींस भिडविल्या, तर लेप जातो, बांध फुटतात, आणि नवें वेटोळें घातलें तरी मोटर पूर्वीपेक्षां अधिक तापते. कारागिरास हें सांगण्यांत लाज मानूं नये.

तरी हे भोंवरे सर्वस्वी वाईट नव्हत. जुन्या पद्धतीच्या विजेच्या मीटरांत ॲल्युमिनियमची चकती फिरते. तिच्यावर बसविलेला लोहचुंबक आवर्त प्रवाहांच्या जोरानेंच तिला आवरून धरतो, म्हणून हिशेब बरोबर येतो. कित्येक आगगाड्यांस ह्याच प्रवाहांनीं ब्रेक लावतात, आणि विस्तवावांचून भांडें तापविणारी इंडक्शनची शेगडीही ह्यांच्याच उष्णतेवर चालते. जी शक्ति ट्रान्सफॉर्मरमध्यें नुकसान करिते, तीच शेगडींत अन्न शिजविते.

फॅरडे ह्यांच्या पुढील आयुष्यांत कष्ट होते. अतिश्रमानें 1840 च्या सुमारास त्यांची प्रकृति ढांसळली. स्मरणशक्ति दगा देऊं लागली, आणि 1841 सालीं विश्रांतीसाठीं त्यांस कित्येक महिने स्वित्झर्लंडांत राहावें लागलें. 1840 सालीं मंडळीनें त्यांस वडील नेमलें होतें. ते उपदेश करीत, आजाऱ्यांस व गरिबांस भेटत. शास्त्रावर बोलतांना सारें लंडन ज्यांस ऐकावयास लोटे, ते मंडळींत मात्र वक्तृत्व बाजूस ठेवून शास्त्रवचनें एकापुढें एक साध्या रीतीनें मांडीत. 1844 सालीं मंडळीनें त्यांस कांहीं आठवडे वगळलें, आणि परत घेतल्यावरही वडिलाचें पद 1860 पर्यंत पुनः मिळालें नाहीं. युरोपांतील राजे ज्यांचा सन्मान करीत, त्यांस आपल्याच लहानशा मंडळींत मागच्या बांकावर बसावें लागलें. दुसरा कोणी असता तर मंडळी सोडून गेला असता. ते गेले नाहींत. सोळा वर्षें साधे सभासद म्हणून येत राहिले. आणि त्या दुःखाच्या पुढच्याच वर्षीं, 1845 सालीं, लोहचुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हा मोठा शोध त्यांनीं लावला.

मान त्यांच्याकडे चालत आला, त्यांनीं बहुतेक नाकारला. सर ही पदवी घेतली नाहीं. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद दोनदां देऊं केलें, दोन्ही वेळां नको म्हटलें. मुलांसाठीं नाताळाच्या दिवसांत व्याख्यानें देणें मात्र त्यांस फार आवडे. एका मेणबत्तीवर त्यांनीं सहा व्याख्यानें दिलीं. त्यांस स्वतःस मूल नव्हतें. अनेक वर्षें ते दीपगृहांच्या कामांत सरकारी सल्लागार होते, आणि 1858 सालीं साऊथ फोरलंडच्या दीपगृहांत विजेचा दिवा लागला, तेव्हां म्हातारपणींही तो तपासावयास ते जात. सत्तावीस वर्षांपूर्वीं सुईच्या हलण्यावरून ओळखलेली ती वीज आतां अंधारांत नावाड्यांस वाट दाखवीत होती.

राणी व्हिक्टोरिया ह्यांनीं हॅम्प्टन कोर्ट येथें दिलेल्या घरीं, 25 ऑगस्ट 1867 रोजीं, आपल्या खुर्चींत बसले असतांनाच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्याच इच्छेप्रमाणें हायगेटच्या स्मशानभूमींत समारंभावांचून त्यांस पुरलें. दगडावर फक्त नांव व जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

आमच्या मंडळ्यांतील कित्येक मुलें शाळा सोडून कामास लागतात, आणि आपलें शिकणें संपलें असें समजतात. त्यांच्या आईबापांनीं व वडील भावांनीं ही गोष्ट त्यांस संध्याकाळीं दिव्याखालीं वाचून दाखवावी. मुलाला वाचनाची आवड असेल तर घरांतला एखादा रॉबर्ट पुढें यावा, आणि त्यानें आपल्या मजुरींतून एक शिलिंग काढून द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.